रांगोळी पुसली जाऊ नये म्हणून

माझ्या दोघांनो,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही सांगितलंत की बाबा तुम्हाला पहिल्यांदाच मोठ्या स्टेडियमवर फुटबॉलचा सामना बघायला नेणार आहे. त्यावर धाकटीने विचारलं, "आजी, तुझ्याकडे मॅचला माणसं मेली होती ना? ती कोणाची चूक होती?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात तुमचा बाबा कॅमेऱ्यासमोर आला आणि मी रक्तदाबाची गोळी घेतली का, असं विचारू लागला. गोळी मी घेतली होती. प्रश्न मात्र राहून गेला.

मी आयुष्यभर शाळेत शिकवलं. मुलांनी विचारलेला प्रश्न घंटा झाली म्हणून तसाच टाकून यायची मला सवय नाही. म्हणून हे लिहून पाठवते आहे. दुसरंही कारण आहे. हडपसरला आमच्या चौकात यंदाच्या अंतिम सामन्याचे फ्लेक्स लागले आहेत आणि त्यांवर मागच्या वेळेबद्दल एक अक्षर नाही. फ्लेक्सवर जागा कमी असते, हे मला मान्य आहे. हात जोडलेले चेहरे बरेच बसवायचे असतात.

हे इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. मी शिकवायचेही इंग्रजीच. पण ज्यांच्याबद्दल लिहिते आहे ती माणसं मराठीत बोलली, मराठीत रडली आणि मराठीतच एकमेकांकडे बोट दाखवून मोकळी झाली. भाषांतरात त्यांची चव जाईल. बाबा वाचून दाखवेल. तो अडखळला तर हसू नका, थांबा.

आता, मी म्हातारी बाई फुटबॉलच्या मैदानावर काय करत होते? जबाबदारी ठरवायचीच तर सुरुवात तुमच्यापासून करावी लागेल. तुम्ही दोघं फोनवर फुटबॉलशिवाय दुसरं काही बोलत नाही. हवा कशी आहे विचारलं तर मैदान ओलं होतं का ते सांगता. तुमच्याशी बोलता यावं म्हणून मी ऑफसाइड शिकले. आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक मुलगी भाड्याने राहते. अमरावतीकडची. इथल्या एका शाळेत कंत्राटावर खेळ शिकवायची आणि सकाळी शाळेआधी मैदानावर मुलींना फुटबॉल शिकवायची. मुली तिला ताई म्हणतात, म्हणून मीही तुम्हाला ताईच लिहिते. तिने माझ्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर लिंबाच्या फोडी आणि पोह्यांच्या बशा मांडून मला ऑफसाइड समजावलं. "काकू, ही फोड बशीच्या पुढे गेली, आणि चेंडू अजून मागेच. समजून राहिलं ना?" मला समजलं. पोहे गार झाले.

ते मैदान गावठाणाच्या मागे आहे. पूर्वी तिथे ऊस होता. मालक भाऊ. भाऊंना त्यांच्याहून वडील माणसंही भाऊच म्हणतात. काही जण तर एकटे असतानाही तसंच म्हणत असावेत. भाऊ दर वर्षी वडिलांच्या स्मरणार्थ फुटबॉलची स्पर्धा भरवतात. ताई त्यांच्या मागे लागली होती की अंतिम सामन्याच्या आधी मुलींचा एक सामना होऊ द्या. शेवटी भाऊ म्हणाले, "हां, होऊ द्या की. सायेब येईस्तोवर पब्लिकला कायतरी पायजेच." मुलींच्या फुटबॉलला आमच्या भागात मिळालेली ही पहिली अधिकृत मान्यता.

"काकू, तुम्ही याच," ताईने मला बजावलं. "टाळ्या चुकीच्या जागी वाजवणारे खूप येऊन राहिले. एक तरी बरोबर वाजवणारं पाहिजे."

मी गेले. पाण्याची बाटली, टोपी आणि बसायला घडीची खुर्ची घेऊन गेले.

मैदानाला भिंत आहे आणि भिंतीला दोन फाटकं. एक मोठं, ज्यातून ट्रक जाईल असं. दुसरं बाजूचं, छोटं, ज्यातून दोन माणसं शेजारून गेली तर एकमेकांना सॉरी म्हणावं लागतं. छोट्या फाटकातून आत आलं की एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला स्टेजची पाठ, अशी एक बोळकांडी होती. सगळं पब्लिक त्या बोळकांडीतून येत होतं. मोठ्या फाटकाला कुलूप होतं.

कारण आत, फाटकाला लागून, रांगोळी काढली होती. मी आयुष्यात इतकी मोठी रांगोळी पाहिली नाही. आपल्या दिवाणखान्याएवढी होती. मध्ये फुटबॉल, भोवती कमळाच्या पाकळ्या आणि खाली 'साहेबांचे सहर्ष स्वागत'. गुलाबी रंग जरा जास्त होता, पण काम सुरेख. साहेब म्हणजे प्रमुख पाहुणे. त्यांची गाडी मोठ्या फाटकातून येणार, ते रांगोळीच्या कडेला उतरणार, फोटो निघणार आणि मग ते चेंडूला पहिली लाथ मारणार. तोवर रांगोळीवर कोणाचा पाय पडू नये म्हणून बिल्ले लावलेले स्वयंसेवक तिच्याभोवती हात पसरून उभे होते. माझ्या लग्नात माझ्या दागिन्यांवर इतकी राखण नव्हती.

मी एका स्वयंसेवकाला विचारलं, "अहो, हे मोठं फाटक बंद का?"

"आजी, रांगोळी हाय."

"पण माणसं एवढ्याशा फाटकातून चेंगरून येताहेत."

"हां. पण रांगोळी हाय ना."

हे उत्तर त्याने इतक्या समजुतीने दिलं की मला हसू आलं. घरी जाऊन तुम्हाला सांगायला एक मजा मिळाली, असं वाटलं.

मुलींचा सामना झाला. तुम्हाला आवडला असता. आमची गोलकीपर उंच, काटकुळी, सहावीतली मुलगी. तिची आई गोलच्या जाळीमागे माझ्या शेजारी उभी होती, हातात लेकीची बाटली घेऊन. ती पूर्ण वेळ ओरडत होती, "अगं वाकून उभी राहा! अगं वाक!" मी तिला ऑफसाइड समजावायला गेले. ती म्हणाली, "राहू द्या हो मावशी. आमच्याकडं बॉल आला नाय म्हंजी झालं." फुटबॉलचं इतकं नेमकं वर्णन मी तुमच्याकडूनही ऐकलेलं नाही. मुली जिंकल्या. आईने माझ्या हातावर टाळी दिली, इतकी जोरात की माझी बांगडी वाकली.

त्यानंतर वाट बघणं सुरू झालं. साहेबांनी लाथ मारल्याशिवाय अंतिम सामना सुरू होणं शक्यच नव्हतं. दोन्ही संघ मैदानात उभे होते, रेफरी शिट्टी तोंडात धरून उभा होता. माइकवरचा निवेदक अधूनमधून बातमी देत होता. "साहेब निघालेले आहेत." टाळ्या. "साहेब पुलापर्यंत आलेले आहेत." टाळ्या. पुण्यात पूल किती आहेत, हा विचार बहुधा माझ्याच मनात आला असावा. कारण नंतर बराच वेळ साहेब पुलावरच होते.

लहान मुलं कंटाळली. आया उठल्या. माणसं घरी जायला छोट्या फाटकाकडे निघाली. बाहेरून मात्र कामं आटोपलेले लोक मोफत पास हातात घेऊन त्याच फाटकातून आत येत होते. पास किती वाटले होते, ते भाऊंनाही ठाऊक नसावं. रिक्षा स्टँडवर, चहाच्या टपरीवर, आमच्या लिफ्टमध्येसुद्धा पासांचा गठ्ठा ठेवलेला होता. मीही खुर्ची घडी करून निघाले. गोलकीपरची आई माझ्या पुढे होती. ती दुसरी बाटली भरून आणायला बाहेर जाणार होती.

आम्ही बोळकांडीत असताना बाहेर बँड वाजायला लागला. कोणीतरी पांढरी गाडी पाहिली होती. निवेदक आनंदाने ओरडला, "साहेबांचं आगमन झालेलं आहे! बाहेरच्यांनी त्वरित आत यावं! आतल्यांनी जागा सोडू नये!"

बाहेरच्यांनी त्वरित आत यायला सुरुवात केली. जाणारे परत वळले. माणसं सूचना पाळत नाहीत असं म्हणतात. त्या दिवशी सगळ्यांनी पाळली.

पुढचं मी थोडक्यात लिहिते. तुम्ही लहान आहात, आणि मला ते लांबवायचंही नाही. अशा वेळी कोणी कोणाला ढकलत नसतं. निदान जवळचं तरी कोणी नाही. आजूबाजूचे चेहरे रागावलेले नव्हते. लोक एकमेकांना "जरा सरका" म्हणत होते, आणि सरकायला जागाच नव्हती. कोणाचा तरी डबा माझ्या बरगडीत रुतला होता. एक माणूस माझ्या कानात म्हणाला, "काकी, हात छातीसमोर घ्या, खाली सोडू नका." त्याने तो डबा धरलेला हातही कसाबसा वर घेतला. मग माझे पाय जमिनीवर राहिले नाहीत. श्वास घ्यायला मी मान वर केली तेव्हा मला फक्त स्टेजच्या मागची कापडी झालर दिसली, जांभळी. पुढे, फाटकाजवळ, माणसं खाली गेलेली होती, आणि त्यांच्यावरून दुसरी.

तेवढ्यात मागून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज यायला लागला. ताई मोठ्या फाटकाशी होती. कोपऱ्यातले झेंडे ठोकायची पहार तिच्या हातात होती आणि ती कुलपावर घाव घालत होती. स्वयंसेवक ओरडत होते, "मॅडम! मॅडम, रांगोळी!" ताईने त्यांना जे उत्तर दिलं ते मी इथे लिहीत नाही. ती अमरावतीकडची शिवी आहे आणि बाबाला ती वाचून दाखवावी लागेल.

कुलूप तुटलं. फाटक उघडलं. आमच्या मागची माणसं तिकडे वळली, आणि हळूहळू आमच्या अंगावरचा भार उतरला, पाणी ओसरावं तसा. मी रांगोळीवरून चालत बाहेर आले. चपलांचे तळवे गुलाबी झाले होते.

छोट्या फाटकाशी तीन माणसं उठली नाहीत. गोलकीपरची आई. गावठाणातले एक आजोबा, ज्यांचा नातू अंतिम सामन्यात खेळणार होता. आणि आयटी कंपनीच्या कँटीनमध्ये काम करणारा विदर्भातला एक तरुण, ज्याची त्या दिवशी सुट्टी होती. त्यांची नावं मी लिहीत नाही. ती त्यांच्या घरच्यांची आहेत.

पांढरी गाडी लग्नाच्या वऱ्हाडाची निघाली. साहेब पुलावरूनच दुसऱ्या कार्यक्रमाला गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात नवीन फ्लेक्स होता. 'भावपूर्ण श्रद्धांजली'. तीन फोटो पासपोर्टच्या आकाराचे, आणि शेजारी भाऊ, हात जोडलेले, पूर्ण उंचीचे. लांबून बघणाऱ्याला भाऊच गेले असं वाटलं असतं. दूधवाल्याला वाटलंच.

मग सगळे जबाबदारी शोधायला निघाले. भाऊ म्हणाले, फाटकाची किल्ली मंडपवाल्याकडे होती. मंडपवाला म्हणाला, किल्ली स्वागत समितीने मागून घेतली. स्वागत समिती म्हणाली, आम्हाला साहेबांच्या माणसांनी फोनवर सांगितलं की मार्ग मोकळा ठेवा. साहेबांची माणसं म्हणाली, साहेब तर आलेच नाहीत. जो माणूस आलाच नाही तो जबाबदार कसा? हा मुद्दा सगळ्यांना पटला. स्वागत समितीतल्या एकाने रांगोळी काढणाऱ्या मुलीचं नाव घेऊन बघितलं, पण तिने शांतपणे सांगितलं की तिने फक्त रांगोळी काढली, भिंत नाही. जबाबदारी अशी हातोहात फिरली. पासही इतके फिरले नव्हते.

शेवटी ती ताईच्या हातात येऊन थांबली. कारण गुन्ह्याचं हत्यार फक्त तिच्याच हातात दिसलं होतं. कोणीतरी काढलेल्या व्हिडिओमध्ये पहार, कुलूप, तुटलेलं कुलूप आणि त्यानंतर उसळणारी माणसं इतकंच दिसत होतं. छोटं फाटक चौकटीत नव्हतंच. भाऊंनी पत्रकारांना सांगितलं, "आमचं नियोजन चोख व्हतं. कुलूप तोडलं आन् गर्दी बेकाबू झाली." ताईवर गुन्हा दाखल झाला. शाळेने तिला यायचं नाही म्हणून कळवलं. सकाळचा सराव बंद झाला. तिची आई अमरावतीहून येऊन राहिली.

मी खाली तिच्याकडे गेले तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. माझ्या हातचा चहा तिने तसाच ठेवला. म्हणाली, "काकू, मीच मारलं का हो त्यांना?"

"वेडी आहेस का? ते आधीच पडले होते. मी तिथे होते."

"पण सगळेच म्हणून राहिले. पेपरात पण आलं. सगळेच म्हणतात तर असेल ना काही तरी."

ती खरोखर विचारत होती. मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली. बोळकांडीत वाटायला वेळ नव्हता. हिला तुरुंग होईल की नाही ते न्यायालय बघेल. पण न्यायालयाच्या आधीच ही पोरगी स्वतःला दोषी ठरवून बसत होती, आणि ते थांबवणारं निकालपत्र कोणी देणार नव्हतं.

चौकशीसाठी एक निवृत्त अधिकारी नेमले होते. त्यांचं कार्यालय शनिवार पेठेत. मी स्वच्छ अक्षरात निवेदन लिहिलं आणि बसने गेले. ते अधिकारी माझ्याच वयाचे, चष्मा नाकाच्या टोकावर.

"आपण आयोजक समितीत?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मंडप, बँड, पोलीस बंदोबस्त यांपैकी?"

"नाही."

"मृतांचे नातेवाईक?"

"नाही. मी तिथे होते. बोळकांडीत."

"म्हणजे आपण गर्दीत होता."

"हो."

"अहो बाई," ते निवेदन परत करत म्हणाले, "आम्ही सर्व संबंधितांचं म्हणणं ऐकून घेतो आहोत. गर्दीचं म्हणणं ऐकून घ्यायचं म्हटलं तर इथे गर्दी होईल."

पुणेरी माणूस. मला दाद द्यावीशी वाटली. दिली नाही.

काही आठवड्यांनी अहवाल आला आणि पेपरात छापून आला. तुमच्यासाठी त्याचं सार सांगते. कर्ता गाळून वाक्य लिहायची सोय फक्त इंग्रजीतच आहे असा माझा समज होता. तो दूर झाला. 'फाटक बंद ठेवण्यात आले होते.' 'पास वितरित झाले होते.' कोणी, ते कुठेच नाही. पूर्ण अहवालात फक्त दोन कर्ते होते. एक ताई, जिने 'अतिउत्साहात कुलूप तोडले'. दुसरी गर्दी, जी 'बेशिस्त' होती आणि 'घटनेस मुख्यतः कारणीभूत' होती. शिफारस अशी की नागरिकांना रांगेचं महत्त्व पटवून द्यावं.

मी पेपर घडी करून ठेवला आणि विचार केला. गर्दीला साक्षीदार म्हणून कोणी विचारत नाही. पण अहवालाप्रमाणे गर्दी आता आरोपी आहे. आरोपीला तर विचारावंच लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवी भरली. गोळ्या, एक जादा चष्मा, एक साडी, थर्मास, आणि ती घडीची खुर्ची. जिन्यात सोसायटीचे सेक्रेटरी भेटले. त्यांनी विचारलं, "गावाला?"

"पोलीस चौकीत. अटक करून घ्यायला."

"आपण कशाला पडायचं त्यात, वहिनी?" ते म्हणाले. हे ते पाण्याच्या टाकीबद्दलही म्हणतात.

चौकीत हवालदार होते. ते म्हणाले, "बसा आजी. सुनेशी भांडण झालंय का?"

"सून परदेशात आहे. मी गुन्हा कबूल करायला आले आहे."

"कशाचा?"

"मैदानावरच्या चेंगराचेंगरीचा. अहवालात लिहिलंय, गर्दी कारणीभूत. मी गर्दीत होते. माझा जबाब घ्या आणि मग काय ते कलम लावा."

हवालदारांनी आत जाऊन इन्स्पेक्टरसाहेबांना आणलं. ते थकलेले, पण सभ्य गृहस्थ होते. माझं म्हणणं त्यांनी पूर्ण ऐकलं आणि हसू दाबत म्हणाले, "आजी, एकटा माणूस म्हणजे गर्दी नव्हे. कायद्याने तसं धरता येत नाही."

"बरं," मी म्हणाले. "मग किती आणू?"

त्यांना वाटलं मी विनोद केला. मी घरी आले आणि फोन करायला बसले. मी काही पुढारी नाही. मी फक्त मुलींच्या आयांना फोन केले, आणि प्रत्येकीला एकच सांगितलं की उद्या सकाळी चौकीसमोर या, तुमच्याबरोबर बोळकांडीत जे होते त्यांनाही आणा, आणि रांगेत उभं राहायचं आहे. अहवालात रांगेचं महत्त्व सांगितलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मला वाटलं होतं पाच-सहा जणी येतील. मी पोचले तेव्हा रांग कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानापर्यंत गेली होती. मुलींच्या आया होत्या. गावठाणातले आजोबांच्या घरचे होते, पांढऱ्या टोप्या घातलेले. कँटीनमधली पोरं रात्रपाळी संपवून तशीच आली होती, गळ्यात ओळखपत्रं लटकत होती. बोळकांडीतला तो डबा धरलेला माणूसही आला होता. त्याने मला ओळखलं आणि छातीसमोर हात धरून दाखवले. आणि मध्येच, हातात छत्री घेऊन, आमचे सेक्रेटरी. मी बघितल्यावर ते म्हणाले, "मी फक्त रांग नीट आहे का ते बघायला आलोय."

हवालदार बाहेर आले आणि सवयीने ओरडले, "ए, चौकीसमोर गर्दी करू नका!"

टोपी घातलेले एक म्हातारे शांतपणे म्हणाले, "आता तुमच्या कागदात आमीच गर्दी हाय. दुसरं काय करावं आमी?"

इन्स्पेक्टरसाहेब दारात येऊन उभे राहिले. रांग कुठपर्यंत आहे ते त्यांनी मान लांब करून बघितलं. मग आत वळून म्हणाले, "कागद मागवा. जास्त मागवा."

जबाब घ्यायला कित्येक दिवस लागले. प्रत्येकाची भाषा वेगळी, पण क्रम एकच: आधी छोट्या फाटकाशी माणसं पडली, मग पहारीचा आवाज आला, मग श्वास आला. एका कँटीनवाल्या पोराने एवढंच सांगितलं, "ताईनं कुलूप तोडलं म्हणून मी इथं बोलून राहिलो, साहेब." गोलकीपरचे वडील लेकीला घेऊन आले होते. ते बोलले कमी. त्यांनी सही केली, आणि बाहेर येऊन माझ्या खुर्चीजवळ उभे राहिले. म्हणाले, "मॅडमला सांगा, पोरगी विचारती सराव कधी हाय."

तो निरोप मी तसाच्या तसा खाली नेला. ताई भिंतीकडे तोंड करूनच बसली होती. "कोणी विचारलं?" ती म्हणाली. मी सांगितलं. तिने माझ्यासमोरचा चहा ओढून घेतला, आणि तो माझा होता हेही तिच्या लक्षात आलं नाही.

दोषारोपपत्र आलं तेव्हा त्यात ताई आरोपी नव्हती, साक्षीदार होती. भाऊ आणि स्वागत समिती आरोपी आहेत, जामिनावर आहेत, आणि फ्लेक्सवरही आहेत. खटला सुरू आहे, म्हणजे तारखा पडत आहेत. शाळेने ताईला कळवलं की जागा भरली गेली आहे. यंदाच्या सामन्यासाठी सुरक्षा समिती नेमली आहे, अध्यक्ष भाऊ. सुधारणा म्हणून रांगोळी आता स्टेजवर काढणार आहेत.

तर धाकटे, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. त्या दिवशी बहुतेक सगळ्यांनी आपापलं काम नीट केलं. रांगोळी नीट काढली, नीट राखली, घोषणा स्पष्ट आवाजात झाली, बँड सुरात होता. माणसं घरी सुखरूप जावीत हे काम कोणालाच दिलेलं नव्हतं. आणि चूक त्यांची, ज्यांनी एका माणसासाठी मोठं फाटक ठेवलं आणि बाकी सगळ्यांसाठी छोटं. ते भाऊंनी ठरवलं. भाऊंना विरोध करायची जागा तिथल्या पुष्कळ लोकांकडे होती, आणि त्यांनी ती रांगोळीसारखीच मोकळी ठेवली. स्टेडियमवर गेलात की आधी फाटकं कुठे आहेत आणि ती उघडी आहेत का ते बघा. मग मॅच बघा. बाबालाही सांगा.

आता इथे काय उरलं आहे ते लिहून संपवते. तुटलेलं कुलूप पोलिसांकडे मुद्देमाल म्हणून जमा आहे. खटल्याचा निकाल लागेपर्यंत मोठं फाटक जसं होतं तसंच, 'जैसे थे' ठेवायचा न्यायालयाचा आदेश आहे, आणि पंचनाम्यात ते उघडं आहे. त्यामुळे त्याला नवीन कुलूप लावता येत नाही. आपल्याकडे निकाल लागायला किती वेळ लागतो ते बाबाला विचारा. ताई रोज सकाळी त्याच फाटकातून मुलींना आत नेते. गोलकीपर आता वाकून उभी राहते.